पणजोबांच्या मागं जायचं तर जमिनीचा तुकडा धरा

शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायला बसलेला माणूस पहिल्यांदा आडनाव धरतो, आणि तिथंच अडकतो. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदात तर आडनाव बहुधा नसतंच. नुसतं "तुका बिन सखोजी" एवढंच लिहिलेलं असतं, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. पाटीलकी असलेल्या घरात आडनाव एक आणि कागदावर 'पाटील'. त्यामुळं आडनाव बाजूला ठेवायचं आणि जमिनीचा एक तुकडा धरून मागं चालत जायचं. माणसं मेली, नावं बदलली, भावकी फुटली, तरी त्या तुकड्याचा शेतसारा कुणाकडून तरी वसूल करायचा होता, म्हणून सरकारनं प्रत्येक पिढीत कुणाचं तरी नाव लिहून ठेवलं.

इंटरनेटवर वंशावळ शोधण्याचे जे सल्ले मिळतात ते बहुतेक चर्चच्या नोंदवह्या गृहीत धरून लिहिलेले असतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच शेतकऱ्याचा माग सतराव्या शतकापर्यंत लागतो, कारण तिथं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्हींची नोंद चर्चमध्ये होत आली. लग्नाच्या नोंदीत सहसा दोन्हीकडच्या आईबापांची नावं असतात आणि बाईची नोंद माहेरच्या नावानं राहते, म्हणून एका लग्नावरून मागच्या लग्नावर जाता येतं. आपल्याकडं लग्नाची अशी वही नाही. आपल्याकडं वारसाची वही आहे, म्हणून वाट वेगळी.

कोणता तुकडा धरायचा

घरच्या सगळ्या जमिनींतून सगळ्यात जुनी वडिलोपार्जित जमीन निवडायची. खूण सोपी आहे: ज्या रानाला लागून चुलत भावकीचीच पट्ट्या-पट्ट्यांनी जमीन आहे आणि ज्या विहिरीत सगळ्यांच्या पाळ्या आहेत, ते रान मूळचं. खरेदीची जमीन धरली तर दोन पायऱ्यांतच विकणाऱ्याच्या घराण्यात जाऊन पोचाल. कुळकायद्यानं मिळालेल्या जमिनीचंही तसंच. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाच्या, म्हणजे कुळं मालक ठरली त्या दिवसाच्या, आधी तिथं मालक म्हणून दुसऱ्याचं नाव आहे आणि आपला माणूस असलाच तर कूळ म्हणून 'इतर हक्क' या रकान्यात. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत) '३२ग' या कुळकायद्याच्या कलमाचा उल्लेख दिसला की ती जमीन या कामासाठी बाजूला ठेवायची.

मग आजचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढायचा. सातबाऱ्यावर गोल केलेले जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. ते सगळे उतरून घ्यायचे, एकही वगळायचा नाही. सोसायटीच्या कर्जाच्या बोजाची नोंद लोक सोडून देतात. पण अमक्या साली अमक्याच्या नावावर विकास सोसायटीचा बोजा चढला, याचा अर्थ तो माणूस त्या साली हयात होता. मृत्यूची नोंद सापडत नसेल तेव्हा ही हद्द फार उपयोगी पडते.

संगणकावरचा सातबारा थोडाच मागं नेतो. त्याच्या आधीचे हस्तलिखित सातबारे तलाठी दप्तरात किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्ज करताना "जुना सातबारा" एवढंच लिहू नये. गाव, गट नंबर आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे स्पष्ट लिहावं. या जुन्या पानांवर कमी झालेलं नाव खोडलेलं नसतं, त्याला कंस केलेला असतो. कंसातली नावं हाच आपला माल. कंस कोणत्या फेरफारानं पडला तो आकडा शेजारीच असतो.

गटावरून सर्व्हे नंबरावर

बहुतेकांचा शोध इथं चुकतो. आज दिसतो तो गट नंबर १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरण योजनेतून आला. त्याच्या आधी त्या जमिनीला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर होता. गटाचा जुना सर्व्हे नंबर कळण्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कचेरीतून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४)चा उतारा मागायचा. त्यात योजनेपूर्वी कोणत्या सर्व्हे-हिश्श्यात कोण होता आणि योजनेत त्याला कोणता गट मिळाला, हे शेजारी शेजारी दिसतं.

एकत्रीकरणात तुकडे नुसते जोडले नाहीत, काही ठिकाणी अदलाबदलही झाली. आजच्या गटाखालची माती योजनेपूर्वी शेजारच्या घराण्याची असू शकते. म्हणून गटावरून सर्व्हे नंबर काढला की तिथल्या योजनेपूर्वीच्या खातेदाराचं नाव आपल्या माणसाशी जुळतं का, हे आधी बघायचं. जुळत नसेल तर जमीन सोडून त्या एका पायरीपुरतं माणसाचं नाव धरायचं, योजनेपूर्वी तो कोणत्या सर्व्हे नंबरात होता ते त्याच उताऱ्यात बघायचं आणि पुढचा शोध त्या नंबरावर न्यायचा. ही तपासणी न करता पुढं गेलेली वंशावळ दुसऱ्याच घराण्याची निघते आणि ते पुढं फार उशिरा कळतं.

सर्व्हे नंबर हाती आला की हिस्सा नंबर नीट वाचायचा. ४७/२अ/३ असा नंबर असेल तर आधी ४७चे हिस्से पडले, मग दुसऱ्या हिश्श्याचे अ-ब झाले, मग अ फुटून तीन झाले. प्रत्येक फुटीमागं बहुधा एक वाटणी आहे, म्हणजे एक पिढी. कोणती फूट कुणामुळं पडली हे फाळणी बारा या नकाशावर आणि त्याच्या सोबतच्या नोंदीत सापडतं. ४७/२ब कुणाकडं गेला तेही काढावं. तो चुलत शाखेचा धागा असतो, आणि त्या शाखेकडं आपल्यापेक्षा जुने कागद शाबूत असण्याची शक्यता असते.

फेरफार वाचताना

गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हा या सगळ्या कामाचा कणा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं गावोगाव ही दप्तरं तयार झाली. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा धागा अखंड मिळू शकतो. १९०३-१० च्या सुमाराला खातेदार असलेला म्हातारा १८४०-५० च्या आसपास जन्मलेला असणार. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर एवढ्या एकाच वहीतून चार-पाच पिढ्या हाती येतात.

वारसाच्या नोंदीत साधारण तीन गोष्टी असतात: खातेदार मयत झाल्याचा मजकूर, वारसांची नावं नात्यासह, आणि वर्दी, म्हणजे मृत्यूची खबर, कुणी दिली. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी दहा-पंधरा वर्षांनी दिलेलीही सापडते, बहुतेकदा कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ आल्यावर. मजकुरात "सुमारे सात वर्षांपूर्वी मयत" असं काही असेल तर तेच धरायचं. कधी मधली एक पिढी पूर्ण गाळून आजोबांवरून थेट नातवावर नोंद गेलेली असते, कारण आजोबांच्या वारसाची नोंद होण्याआधीच मुलगा वारला. अशा वेळी नातवाच्या नावातलं वडिलांचं नाव बारकाईनं बघायचं.

दुसरी अडचण 'ए.कु.मॅ.' या अक्षरांची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागायचं, धाकटे तिघे कागदावर नसायचेच. पुढं वाटणी झाली की ते अचानक उगवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं ही नवी माणसं कुठली. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान आहे आणि त्याच्या वतीनं आई किंवा चुलता उभा आहे. हे सोन्यासारखं असतं, कारण त्या साली वारसाचं वय अठराच्या आत होतं हे आपोआप ठरतं.

बायकांची नावं हा या कागदांतला सगळ्यात दुखरा भाग. मुलगा असताना विधवेचं नाव लागेलच असं नाही, आणि मुलींचं तर नाहीच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वारस म्हणून दिसू लागतात. लगेच पाठोपाठ हक्कसोडपत्रं येतात. भावांसाठी बहिणींनी हक्क सोडल्याचे हे कागद मन लावून वाचावेत. त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव असतं. ज्या आत्यांचा घरात कुणाला पत्ता नाही त्यांची घरं इथून सापडतात. त्याआधीच्या कागदात बाईच्या नावापुढं 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. ते वडिलांचं समजून लिहिलं तर पूर्ण शाखा उलटी होते.

वाटे आण्यांत लिहिलेले असतात. पूर्ण जमीन १६ आणे, एका आण्याच्या १२ पै. तिघा भावांत वाटणी झाली तर प्रत्येकी ५ आणे ४ पै. त्यातल्या एकाला दोन मुलगे असतील तर त्यांना २ आणे ८ पै प्रत्येकी. हे उलटंही चालवता येतं. कुणाच्या नावापुढं २ आणे ८ पै दिसलं तर तो सहावा हिस्सा आहे, म्हणजे वर कुठंतरी तीन आणि दोन अशी फूट किंवा एकदम सहा वाटे असले पाहिजेत. सगळ्या वाट्यांची बेरीज १६ आणे होत नसेल तर एखादा वारस तुमच्याकडून सुटला आहे. वंशावळ तपासायला याच्याइतकी पक्की कसोटी दुसरी नाही.

नावांचा घोळ वेगळाच. वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं सखाराम तुकाराम, तुकाराम सखाराम, पुन्हा सखाराम तुकाराम अशी माळ लागते. प्रत्येकाला टिपणवहीत पहिला, दुसरा, तिसरा असा आकडा देऊन शेजारी पहिल्या आणि शेवटच्या नोंदीचं साल लिहावं. एकाच माणसाचं नाव एका कागदात तुका, दुसऱ्यात तुकोजी, तिसऱ्यात तुकाराम असं येतं. गणू आणि गणपती, ज्ञानू आणि ज्ञानदेव यांचंही तेच. घरात ज्यांना सगळे आण्णा, तात्या, बापू म्हणायचे त्यांचं कागदावरचं नाव सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवावं, हे काम थांबण्यासारखं नाही.

कोतवाल बुक आणि शाळेची वही

गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, सगळे तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नये, कारण नोंद बहुधा बारशाच्या आधीच झालेली असते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, एवढ्यावरच ओळख पटवायची. म्हणून आधी फेरफारावरून सालाचा अंदाज बांधून मगच इथं यावं, नाहीतर महिनोनमहिने पानं उलटत बसावं लागतं. १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मात्र सगळ्यांनीच पाहावीत. इन्फ्लुएंझाच्या साथीत दख्खनमधली गावं झोपली. एकाच घरातले तीन-तीन मृत्यू एका आठवड्यात नोंदलेले सापडतात, आणि फेरफारात एकदम पुतण्याचं किंवा लहान नातवाचं नाव का आलं याचा उलगडा तिथं होतो. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांबद्दलही तेच.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी कच्चं. मास्तरांनी अंदाजानं घातलेली १ जून ही तारीख पानोपान भेटते. पण वडिलांचं नाव, जात आणि शाळा सोडल्याचं साल यांसाठी ते विश्वासाचं. १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर सापडलं तर घरातली सगळी माणसं वयासह एकत्र मिळतात.

मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी ही सगळी दप्तरं बाहेर काढून तपासली गेली. त्यातल्या कुणबी नोंदींच्या स्कॅन प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार ठेवल्या आहेत. कुणबी दाखल्याची गरज नसली तरी आपल्या गावाची फाइल उघडून बघावी. कोणत्या सालापासूनची कोणती वही शिल्लक आहे हे घरबसल्या कळतं.

मोडी आणि १९०३च्या मागं

या जुन्या वह्यांत मोडी भेटणारच. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ ओढतात आणि अक्षरं त्या रेघेखाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. पूर्ण मोडी शिकायला वेळ लागतो, पण आपल्या गावाचं नाव, घराण्यातली पाच-सहा नावं, 'बिन', 'मयत' आणि आकडे एवढं ओळखता आलं तरी पानं चाळता येतात. नेमकं पान सापडलं की मगच जाणकार मोडी वाचकाकडं द्यावं. आख्खी वही वाचून घेण्याचा खर्च कशाला?

१९०३च्या मागचे कागद भूमि अभिलेख कचेरीत: शेतवार पत्रक, पक्का बुक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, त्यानंतर इंग्रजांनी शेतवार मोजणी केली, तीस वर्षांच्या मुदतीनं सारा ठरवला आणि मुदत संपल्यावर फेरमोजणी केली. मूळ मोजणीच्या आणि रिव्हिजनच्या, म्हणजे फेरमोजणीच्या, प्रतिबुकात एकाच सर्व्हे नंबरापुढं दोन वेगळी नावं दिसली, तर पहिला बहुधा दुसऱ्याचा बाप किंवा चुलता. पण इथं नातं लिहिलेलं असेलच असं नाही. 'बिन' असेल तर पक्कं, नसेल तर वंशावळीत ती रेघ तुटक काढावी.

अर्ज कुठं करायचा हेही जपून ठरवावं. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा इथल्या जुन्या कागदांवर 'जिल्हा सातारा' असणार. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अलीकडचे, त्यांच्या गावांसाठी तासगाव आणि विट्याला विचारणं आलंच. आटपाडी औंध संस्थानात, मिरज पटवर्धनांकडं, जत आणि फलटण ही स्वतंत्र संस्थानं. ही गावं १९४८च्या विलीनीकरणापर्यंत इंग्रजी महसुलाखाली नव्हती. अर्जात संस्थानाचं नाव लिहिल्याशिवाय दप्तर सापडत नाही.

त्याच्याही मागं जायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर. साधा शेतकरी तिथं भेटतो तो मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची जमीन असलेला, असला तरच, किंवा बांधाच्या, पाटीलकीच्या तंट्यात साक्षीला उभा राहिला असला तर. थळझाड्यात गावातली थळं (जमिनीचे जुने भाग) आणि त्यांचे मिरासदार दिलेले असतात. कूळ नष्ट झालेल्या जमिनीपुढं 'गतकूळ' असा शेरा. तारखा सुहूर सनात, अरबी आकड्यांच्या शब्दांत असतात. 'सीत तिसैन मया व अलफ' म्हणजे सहा, नव्वद, शंभर आणि हजार: ११९६. त्यात ५९९ मिळवले की १७९५, आणि हा सन मृगाला बदलत असल्यानं जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. फसली सनात मात्र ५९० मिळवतात. दोन्हींची गल्लत केली तर पूर्वज नऊ वर्षांनी सरकतो.

सरकारी दप्तराबाहेरचे दोन ठेवे विसरू नयेत. सांगली-कोल्हापूरकडं हेळवी गावोगाव फिरतात. त्यांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या उतरलेल्या असतात, कधी मूळ गावही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांतही गावाच्या नावावरून शोधता येतं आणि कधी पूर्वजाची स्वतःची सही किंवा निशाणी मिळते. या दोन्हींतली नावं फेरफाराशी ताडून घ्यावीत. जुळलेल्या दोन-तीन पिढ्यांवरून मागच्या पिढ्यांवर किती विसंबायचं ते ठरतं. घरातलं कुणी महायुद्धात गेलं असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावं. शहिदाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गाव असतं. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. सातारा जिल्ह्यातल्या घराण्यांसाठी ही यादी बघितल्याशिवाय शोध पुरा होत नाही.

ज्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, त्या पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घराण्यांना धरायला जमिनीचा तुकडाच उरलेला नाही. त्यांनी उलट्या टोकाकडून सुरुवात करावी. पुनर्वसनात रायगड, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर, सांगली जिल्ह्यांत जी जमीन मिळाली, तिच्या पहिल्या फेरफारात मूळ गावाचा उल्लेख शोधायचा. तिथून साताऱ्याच्या पुनर्वसन शाखेतलं संकलन रजिस्टर (प्रकल्पग्रस्तांची नोंदवही), आणि त्यावरून भूसंपादनाचा निवाडा. निवाड्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि खातेदार ओळीनं दिलेले असतात. तो सर्व्हे नंबर एकदा मिळाला की बुडालेल्या गावाचीही शेतवार पत्रकं आणि फेरफार वर सांगितल्याप्रमाणंच मागता येतात. अर्जात गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका लिहायला विसरू नये.